एकशेनऊ टक्के

सरांनी माझी बॅग लॅबच्या टेबलावर उलटी केली.

डबा पडला. कंपासपेटी पडून उघडली, पेन्सिली घरंगळत खाली गेल्या. वह्या पडल्या. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पॅड. मागून पोरं हसली. सरांनी ते पुडकं पेनच्या टोकानं बाजूला सारलं आणि मला विचारलं, "बाकी फिटकरी कहाँ है?"

फिटकरी म्हणजे तुरटी. बारावीचं प्रॅक्टिकल होतं, तुरटीचे स्फटिक बनवायचे. पोटॅशियम सल्फेट अडीच ग्रॅम, ॲल्युमिनियम सल्फेट दहा ग्रॅम. दोन्ही पाण्यात विरघळवायचे, आटवायचे, थंड होऊ द्यायचे. दोघांतलं जे आधी संपतं, त्यावरच ठरतं किती तुरटी बनणार. इथं पोटॅशियम सल्फेट आधी संपतं. हिशेब केला की साडेतेराच्या थोडी वर येते, तेरा पूर्णांक सहा ग्रॅम. ती कागदावरची. हातात तेवढी कधीच येत नाही. थोडी पाण्यातच राहते, थोडी फिल्टर पेपरला चिकटते. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा ओढून.

माझी भरली नऊ पूर्णांक आठ. बहात्तर टक्के. मी तेच लिहिलं.

"बहत्तर? बाकी घर ले गई?"

मी म्हटलं, "सर, वो पानी में रह गया होगा."

ते पाणी तासाभरापूर्वी सरांनीच मला सिंकमध्ये ओतायला लावलं होतं. मी तेही सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "तुम लोगों को सब फ्री में मिलता है. फिर भी हाथ की सफाई नहीं छूटती."

तुम लोग. सगळ्या वर्गाला कळलं कोण. स्कॉलरशिपचे फॉर्म आले की सर आमची नावं मोठ्यानं वाचायचे, एकेकाला उभं करायचे. वर्गात आम्ही तिघं होतो. त्या दिवशी लॅबमध्ये त्यांतली मी एकटीच होते.

बॅगेत तुरटी निघाली नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणाले, "पहले ही निकाल दी होगी." मी खाली बसून पेन्सिली गोळा केल्या. रडले नाही. रडू येत होतं, पण त्या लोकांपुढे नाही.

बाजूच्या टेबलावर आदित्य होता. त्याच्या वडिलांचा सिविक सेंटरजवळ दवाखाना, आणि तो सरांकडेच ट्यूशनला जायचा. त्याचे स्फटिक ओले होते, चकाकत होते. त्यानं ते वाळवले नाहीत, तसेच तोलले. चौदा पूर्णांक आठ. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "देखो, इसको कहते हैं हाथ."

दुसऱ्या दिवशी निरोप आला, वडिलांना घेऊन ये. माफीनाम्यावर त्यांची सही लागेल, नाहीतर प्रॅक्टिकलचे मार्क बोर्डाकडे पाठवणार नाहीत.

माझे बाबा एका खासगी रोलिंग मिलमध्ये लोखंडाच्या कांबी ओढतात. भंडाऱ्याकडून आजोबा आले, तेव्हापासून आम्ही दुर्गजवळ, या हिंदी मुलखातल्या कोहक्यात. मी घरी सगळं सांगितलं. पॅडचं सोडून. ते फक्त आईला सांगितलं. बाबा ऐकत होते, हातावरची भाजल्याची जुनी खपली खाजवत होते. मग म्हणाले, "आमच्याकडं बी शंभर किलो टाकलं तं शंभर निघत नाई. पपडी झडते, टोकं कापा लागते. एवढं तं कोनाले बी समजते."

मला वाटलं, आता हे चिडतील.

"मंग त्याले कावून समजत नाई?" मी विचारलं.

"त्याले बी समजते बेटा." बाबा उठले. "उद्या सही करून टाकतो. तुह्या बारावीचा सवाल हाय."

मला सरांपेक्षा त्या वाक्याचा राग आला. रात्रभर आला. हा माणूस दर जयंतीला निळा फेटा बांधून ढोलापुढे नाचतो. त्याला मी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. किंवा मी तिथं नसायचे.

प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाबांना कुणी बसा म्हटलं नाही. ते शर्टाची वरची गुंडी लावून उभे राहिले. सर भिंतीला टेकून होते. माफीनामा आधीच टाइप केलेला. मी प्रयोगशाळेतलं सामान चोरलं, माझ्याकडून पुन्हा असं होणार नाही, असं काहीतरी हिंदीत. बाबांनी पेन घेतलं. पेनचं टोपण काढून बोटानं सहीची जागा शोधली.

मी म्हटलं, "बाबा, सही नका करू."

"चूप राह्य."

"जयंतीले फेटा बांधता ना तुमी? मंग इथं कावून वाकता?"

मॅडमना मराठी कळत नव्हती, पण आवाज कळला. त्यांनी वर पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपण परत लावलं.

मी माफीनामा ओढून घेतला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. अडीच ग्रॅम. दहा ग्रॅम. कोण आधी संपतं. तेरा पूर्णांक सहा. खाली माझे नऊ पूर्णांक आठ, बहात्तर टक्के. त्याच्याखाली आदित्यचे चौदा पूर्णांक आठ. भागाकार केला. एकशेनऊ टक्के.

कागद मॅडमपुढे सरकवला. "मैडम, मेरा कम आया तो मैं चोर. इसका सौ से ऊपर आया है. ऊपर का नौ कहाँ से आया, ये सर से पूछिए."

मॅडमनी कागद पाहिला. त्या स्वतः केमिस्ट्री शिकवून वर आलेल्या. सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "गीला रह गया होगा."

"तो उसका बैग क्यों नहीं खोला?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "ठीक है, जाओ. बात को बढ़ाना नहीं है." एवढंच. माफी कुणी मागितली नाही. माफीनामा त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला, सहीशिवाय. प्रॅक्टिकलला मला तीसपैकी एकोणीस आले. आदित्यला तीस. मी रिचेकिंगचा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला.

स्कूटरवर परत येताना बाबा कोहका चौकात थांबले, मागे न पाहता म्हणाले, "मले भेव वाटलं व्हतं." मी म्हटलं, मलाही. खोटं नव्हतं.

मी बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. आता दुर्गला बी.एड. करते. शेजारणी म्हणतात, एवढा अपमान झाला त्याच विषयात, दुसरं काही घ्यायचं. विषयानं माझा अपमान केला नाही. विषयानंच मला बोलायला तोंड दिलं.

सर अजून तिथंच शिकवतात. दरवर्षी नवी पोरं येतात, दरवर्षी नावं वाचली जातात. काही जण म्हणतात, झालं गेलं, माफ कर. मी माफ केलेलं नाही. करणार नाही. मी मास्तरीण होतेय ती त्यांना विसरायला नाही.

त्यांची जागा घ्यायला.