वायर नसलेल्या गिटारी

माझे सासरे पुण्यात बँकेत नोकरीला होते आणि त्यांच्याकडे इंग्लंडच्या एका जुन्या बँडच्या रेकॉर्डी होत्या. साठच्या दशकातला बँड. तीन गिटारी, एक ड्रमसेट, आणि गाणारं कोणीच नाही. माझा नवरा त्या रेकॉर्डी ऐकतच मोठा झाला, आणि शाळेत असताना ऐकून ऐकून त्या धुना गिटारवर काढायला शिकला. बापलेकांनी ती माणसं पाहिली होती ती फक्त रेकॉर्डच्या कव्हरवर. वाजवताना ते उभे कसे राहत असतील, तो थरथरता सूर नेमका कसा काढत असतील, यावरून दोघांचे वाद चालायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी असा एक वाद ऐकला, तेव्हा मला वाटलं की घरातल्याच कुणा नातेवाइकांबद्दल बोलतायत.

नवऱ्याला गेर्लिंगेनला नोकरी लागली आणि आम्ही जर्मनीत आलो. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. गाड्यांच्या ब्रेकचं काम तो करायचा. शनिवारी सकाळी बाल्कनीच्या दारापाशी बसून, आवाज अगदी बारीक ठेवून गिटार वाजवायचा. जर्मनीत शेजाऱ्यांना आपला आवाज गेला की काय होतं, याच्या गोष्टी आम्ही आल्या दिवसापासून ऐकल्या होत्या. म्हणून एका शनिवारी बेल वाजली आणि दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा उभे दिसले, तेव्हा मी आधी माफी मागितली.

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही तो सूर बोटाने हलवताय. तो बोटाने नाही, तारांच्या बुडाशी असतो त्या लोखंडी दांड्याने हलवायचा."

नवरा गिटार तशीच गळ्यात घेऊन उठला. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी पाहिलंय. माझ्याकडे फिल्म आहेत."

आजोबा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. तरुणपणी त्यांचाही एक बँड होता, त्यात ते बास गिटार वाजवायचे. त्या काळी कॅफेमध्ये नाणं टाकलं की पडद्यावर गाणं दाखवणारी यंत्रं असायची. त्या यंत्रांसाठी, आणि टीव्हीसाठीही, हे ब्रिटिश बँड आपल्या नव्या रेकॉर्डची जाहिरात म्हणून छोट्या छोट्या फिल्म काढत. आजोबांनी त्या मिळतील तिथून जमवल्या होत्या आणि सगळ्या व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं खाली गेलो. पहिल्या फिल्ममध्ये समुद्रकिनारा होता. सूट आणि टाय घातलेले तीन तरुण वाळूत उभे होते, चौथा मागे ड्रमवर. दोन पावलं पुढे, वळण, दोन पावलं मागे. सगळे एकदम, कवायतीसारखे. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याचा हात धरला, तर तो एकदम हसायलाच लागला.

"अगं, वायरच नाहीये! गिटारला वायर नाही. वाळूत प्लग कुठे लावतील?"

मग त्याने तेच जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. अगदी बरोबर. "रेकॉर्ड आधीच झालेली. इथे फक्त हात हलवतायत. सगळं खोटं. खरे फक्त पाय."

मग रविवार दुपार खालीच जाऊ लागली. आजोबा केक आणायचे, मी चिवडा न्यायची. विमानतळावरची फिल्म, जहाजाच्या डेकवरची फिल्म, बर्फात कुडकुडत हसणारे ते चौघं. मुलगी आजोबांना इथल्या मुलांसारखी ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली. नवरा आणि ओपा टीव्हीसमोर उभे राहून ती पावलं टाकायचे, आणि मुलगी ओरडायची, "नोखमाल!" पुन्हा! नवऱ्याने एक धून दांडा हलवून नीट बसवली, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली आणि म्हणाला, कधीतरी बाबांना पाठवू.

ते वर्ष फुटबॉल वर्ल्ड कपचं होतं. खिडक्याखिडक्यांत झेंडे लागले होते. त्याच उन्हाळ्यात नवऱ्याची डाव्या हाताची करंगळी तारेवर दाब देईनाशी झाली. आधी वाटलं माऊसमुळे असेल. मग शर्टाची बटणं लागेनात. मग अंगठा. तपासण्यांत सप्टेंबर उजाडला. न्यूरोलॉजिस्ट बाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि सावकाश, मला कळेल अशा जर्मनमध्ये सांगितलं, की मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. यावर औषध नाही. हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास.

नवऱ्याने ऑफिसात विचारावेत तसे प्रश्न विचारले. वेग किती, क्रम ठरलेला असतो का, थांबवता येतं का. बाईंनी शेवटच्या प्रश्नाला नकारार्थी मान हलवली. परतताना बसमध्ये तो एवढंच म्हणाला, "बाबांना आत्ता नको सांगायला." फोनवर आम्ही सासऱ्यांना सांगितलं, हाताला जरा त्रास आहे, व्यायाम चालू आहे.

गिटार कपाटावर गेली. रविवारी तो खाली जाईना. ओपा जिन्यात भेटले, विचारू लागले, तेव्हा मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ते कठड्याला धरून ऐकत राहिले. मला वाटलं आता काही सांत्वनाचं बोलतील. ते वळून घरात गेले.

दोन-तीन दिवसांनी वर आले. नवऱ्याच्या समोर बसले आणि म्हणाले, "तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. माझ्याकडे कॅमेरा आहे. आपण फिल्म काढू."

"मला वाजवता येत नाही आता."

"ते तरी कुठे वाजवत होते?"

नवऱ्याने कपाटावरच्या गिटारकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "माझा लग्नातला सूट कुठाय गं?"

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आम्ही द्राक्षमळ्यांच्या वरच्या कुरणावर गेलो. सूट त्याला ढगळ झाला होता. टाय मी बांधला. ओपांनी बास गिटार घेतली, मुलीला खंजिरी दिली, आणि केलरमधून, म्हणजे तळघरातून, एक जुना ड्रम आणून माझ्यासमोर ठेवला. मी काठापदराची साडी नेसले होते. थंडीने माझे दात वाजत होते. ओपांनी कॅमेरा तिपाईवर लावून चालू केला. गवतात ठेवलेल्या टेपमधून त्याचीच धून सुरू झाली, तो अजून चांगला असतानाची, आणि आम्ही चौघं हलायला लागलो. दोन पावलं पुढे. वळण.

वळताना त्याचा डावा पाय गवतात अडकला आणि तो गिटारसकट गुडघ्यांवर पडला. पायापर्यंत पोचलंय हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. मुलीला वाटलं ही गंमतच आहे, ती खंजिरी वाजवत हसत राहिली. धून चालूच होती. मी धावणार, इतक्यात ओपा सावकाश त्याच्या शेजारी गवतात बसले, चांगल्या काळ्या पँटवर दवाचा ओलावा घेत.

"आल्झो," ते म्हणाले, "तर मग, हा सीन बसून करू."

आम्ही सगळे बसलो. टेप पुन्हा सुरुवातीला नेली. त्याने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं उचलून तारांवर एकेक करून ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघून, त्या फिल्ममधल्या तरुणांसारखा, दात दाखवून हसला.

फिल्मची सीडी त्याने स्वतःच पुण्याला पाठवली. मी म्हटलं, बाबांना काय वाटेल? तो म्हणाला, "आवडेल त्यांना."

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. त्यांचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. "अगं, काय वाजवलंय त्याने! तो सूर, मी म्हणत होतो तसाच! आणि हात बघ, काय सुंदर चाललाय. मी तुझ्या सासूबाईंना म्हटलं, तू उगाच रडतेस, पोरगा बरा झाला."

मी पिठाच्या हाताने फोन नवऱ्याच्या कानाशी धरला.

"बाबा," तो म्हणाला, "फिल्म पुन्हा लावा. माझ्या गिटारला वायर दिसतेय का बघा."

पलीकडे तीच धून पुन्हा सुरू झाली आणि मध्येच बंद झाली. मग त्याने त्यांना सगळं सांगितलं, बाईंनी आम्हाला सांगितलं होतं त्याच क्रमाने. मध्येच थांबून म्हणाला, "बाबा, ऐकताय ना?" आणि पुढे सांगत राहिला. मी फोन बदलून दुसऱ्या हातात घेतला. त्याच्या गालाला पीठ लागलं होतं, ते पुसायला माझा एकही हात स्वच्छ नव्हता.

पुढच्या वर्षाच्या शेवटी सासरे आमच्याकडे आले. सासूबाईंना प्रवास झेपला नसता. तोवर नवरा चाकांच्या खुर्चीत होता आणि त्याचं बोलणं फक्त मला आणि मुलीला कळायचं. ती त्याचं मराठी जर्मनमध्ये करून ओपांना सांगायची. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी घरी येणाऱ्या नर्सला खुणेने बाजूला केलं आणि मुलाची दाढी स्वतः करायला घेतली. कोमट पाणी, साबण, ब्रश. गालावर बोट ठेवून कातडी ताणत, कॉलेजातल्या मित्रांची चौकशी करत. उत्तर येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी उत्तरापुरतं थांबत.

तो फेब्रुवारीत, सकाळी गेला. डॉक्टर येऊन गेले. नर्सने इथल्या रिवाजाप्रमाणे खिडकी उघडली आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर न्यायला लागली. ते हलेनात. मला म्हणाले, "तिला सांग, आज त्याची दाढी व्हायची आहे अजून."

मी सांगितलं. नर्स बाजूला झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी गरम केलं, हात घालून पाहिलं, थोडं गार मिसळलं, आणि वाटी धरून त्यांच्याजवळ उभी राहिले.