परवानगी मीच दिली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—तेही धड कळत नाही.

सातपूरच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत सुनंदाताई माझ्या हाताखाली होत्या. मूळच्या निफाडच्या, पन्नाशीच्या, नवरा गेलेला. एकुलती एक मुलगी अमेरिकेत, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. ताईंनी बिनपगारी रजा मागितली. मी दिली नाही. का? काम अडलं असतं, मालकांकडून मला बोलणी बसली असती—बस, एवढंच. म्हटलं, "लॅपटॉप घेऊन जा ताई. तिथून काम करा."

"पण सर, व्हिसा तर नुसता भेटीचा आहे. चालतं का असं?"

चालतं की नाही, मला तरी कुठे माहीत होतं? पण हाताखालच्या माणसाला 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी हसलो. "अहो, कंपनी इथली, पगार इथला. त्यांचं काय जातंय?"

तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं आणि ताईंनी खरं ते सांगून टाकलं—लेकीचं बाळंतपण करणार, उरलेल्या वेळात ऑफिसचं काम. झालं. त्यांना तिथूनच परत पाठवलं. अवघडलेली मुलगी बाहेर वाट बघत उभी होती. भेटही होऊ दिली नाही.

इथवर माझा मूर्खपणा म्हणा, हवं तर. पुढचं मात्र—

त्या परतल्यावर मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "लॅपटॉप परदेशात न्यायची परवानगी कुणी दिली?" ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी बोलेन, अशी खात्री होती त्यांना. आणि मी बोललोच.

"मी फक्त रजा दिली होती, सर. लॅपटॉपचं मला काही ठाऊक नाही."

ताईंनी वाद घातला नाही. नोकरी त्याच दिवशी गेली. जिन्यात माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "रजा दिली होती म्हणालात, सर. खरंच दिली असतीत तर?"

मुलीचं बाळंतपण शेजारणीने केलं, असं नंतर कानावर आलं. मी फोन केला नाही. काय म्हणून करणार होतो?

आता परदेशातून काम करण्याबद्दल कंपनीत नियम झालाय. नव्या मुलामुलींना तो समजावून सांगायचं काम माझ्याकडेच आहे. दरवेळी उदाहरण देतो—आमच्याकडे एक बाई होत्या, कुणाला न विचारता लॅपटॉप घेऊन गेल्या. मुलं माना डोलावतात.

गेल्या सोमवारीही दिलं.