पारा सरांनी ओढलेली वेणी

पारा सर चिडले की हातात असेल ते फेकायचे. एकदा डस्टर माझ्या मैत्रिणीच्या कपाळाला लागला. स्वतःच्या रुमालानं तिचं रक्त पुसतानाही सर तिलाच विचारत होते, "आता सांगा, वारा कशामुळं वाहतो?" शिरूरच्या कॉलेजात ते आम्हाला बी.ए.ला हवामानशास्त्र शिकवायचे. राग क्षणात चढायचा, म्हणून पोरांनी ‘पारा’ हे नाव पाडलं.

गच्चीवरच्या तापमापकाची नोंद कुणी घरी बसून लिहिली की त्यांना बरोबर कळायचं. मग वही टराटरा फाटायची. "आभाळ खोटं बोलत न्हाई, तुम्ही बोलता!" रागात त्यांची भाषा थेट गावाकडची व्हायची.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये आमची सहल दौंडजवळ भीमेच्या काठी गेली. दुपारी पश्चिमेला काळा ढग उभा राहिला, वरून ऐरणीसारखा पसरलेला. सर हरखले. "बघा, पुस्तकातला ढग! काढा वहीत." चित्र पुरं व्हायच्या आत वारा सुटला आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. मी धावत एका बाभळीखाली गेले. तिथं एक मेंढपाळ आबा घोंगडी पांघरून मेंढरांत बसले होते.

"बाहेर ये! वीज पडंल!" सर ओरडत आले. मी भीतीनं खोडाला मिठी मारली. त्यांनी खाडकन थोबाडीत दिली, वेणी धरली आणि मला चिखलातून फरपटत दूर सखल वावरात नेऊन टाकलं. तसेच मागं वळले. "आबा, उठा!"

"मेंढरं सोडून कुठं जाऊ, मास्तर?"

सर अर्ध्या वाटेत असताना सगळं पांढरंफेक झालं.

वीज त्या बाभळीवरच पडली. आबा जागीच गेले. माझ्या उजव्या कानातून रक्त येत होतं. तीन दिवस दवाखान्यात माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. कारेगावला आमच्या घरी एवढंच कळलं, की मास्तरनं पोरीला मारलं, वेणी धरून फरपटत नेलं. आता पोरीचं कॉलेज बंद, असं म्हणत माझे दोघे भाऊ कंपनीतली पाळी सोडून सळया घेऊन कॉलेजच्या फाटकावर गेले. सरांनी प्रतिकार केला नाही. हाताचं हाड मोडलं तेव्हा म्हणाले, "मारलं, हे खरं हाय."

चौथ्या दिवशी मी बोलले, घडलं ते सगळं सांगितलं. दोघे भाऊ सरांच्या घरी जाऊन पाया पडू लागले, तर सर गरजले, "पाय सोडा! पोरीचं शिक्षण बंद करणार म्हणं? परीक्षेला आली न्हाई तर मीच येतो सळई घेऊन!"

तोंडी परीक्षेला सर मोडलेला हात गळ्यात बांधून बसले होते. ती आमची शेवटची भेट. त्याच उन्हाळ्यात ते शिरूर सोडून गेले. परीक्षेत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. का?"

"प्रकाशाचा वेग जास्त असतो." मी अडखळले. "पण सर, त्या दिवशी मला आवाज आलाच नाही."

सरांनी डाव्या-उजव्याचा विचार न करता मोकळ्या हातानं माझी वही मिटली.

"मलाबी न्हाई आला," ते म्हणाले. "मला आबांचं बोलणं तेवढं ऐकू आलं."