इन्क्युबेटरमधला बाप्तिस्मा

२००६च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, इंग्लंडमधल्या रीडिंगच्या हॉस्पिटलमध्ये आमच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. तो मी दिला. मुलगी अकरा दिवसांची होती आणि इन्क्युबेटरमध्ये होती. बाळांना बाप्तिस्मा देऊ नये, असं मानणाऱ्या घरात मी वाढले आहे.

नवरा वसईचा, कॅथलिक. त्यांच्याकडे मूल थोडं सावरलं की चर्चमध्ये नेतात आणि फादर त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. माझं माहेर नगरचं. वडिलांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, बाळाला नुसतं प्रार्थनेसाठी पुढे आणतात. बाप्तिस्मा पुढे कधीतरी, माणसाने स्वतः मागितला तर, आणि तो पूर्ण पाण्याखाली. माझा सोळाव्या वर्षी झाला, मंडळीतल्या एकाच्या शेतातल्या विहिरीत. पायऱ्यांवर वडील टॉवेल घेऊन उभे होते.

"तुमच्यात पोहता येणं कंपल्सरी आहे का?" नवरा लग्नाआधी विचारायचा.

"तुमच्यात जागं असणंही कंपल्सरी नाही."

मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा मिळावा म्हणून आपण जमेल तेवढं करू, असं वचन लग्नाच्या वेळी त्याने चर्चला दिलं होतं. माझ्याकडून वचन घेतलं नाही. त्याने ते दिलं आहे, एवढं मला कळवण्यात आलं. मी त्या वेळी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होते. लग्नानंतर त्याच्या नोकरीमुळे आम्ही रीडिंगला आलो.

विषय निघाला तो सहाव्या महिन्यात.

"नाव आपण ठेवणार, भाषा आपण देणार, पासपोर्ट आपण काढणार," तो म्हणाला. "तेव्हा विचारणार आहेस का तिला?"

"पासपोर्ट बदलता येतो."

"मग?"

"बाप्तिस्मा पुसता येत नाही, असं तूच सांगतोस. म्हणून तिला विचारायचं."

"आणि मधेच काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

बाळंतपणाला अजून तीन महिने आहेत, तेव्हा नंतर बघू, असं ठरलं. मुलगी त्यानंतर दोन आठवड्यांनी झाली.

पहिला आठवडा बरा गेला. तब्येत स्थिर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर नवरा रविवारी एडिनबराला कामावर परत गेला. तिथल्या एका बँकेचं काम त्याच्या कंपनीकडे होतं. मंगळवारी सकाळी मुलीच्या रक्तात इन्फेक्शन निघालं. औषधं सुरू केली आहेत, आज संध्याकाळपर्यंत काय ते कळेल, नवऱ्याला बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाल्या. एडिनबराला बर्फ पडत होता आणि विमानं बंद होती. तो ट्रेनमध्ये बसला.

त्याचा फोन आला तेव्हा ट्रेन इंग्लंडच्या हद्दीत नुकतीच आली होती. वॉर्डमध्ये मोबाईल चालत नसे. मी कॉरिडॉरमध्ये कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी उभी राहून बोलले.

"फादरना बोलावलंस?" त्याने विचारलं.

"नर्सने फोन केला. हॉस्पिटलचे कॅथलिक फादर एका अंत्यविधीला गेलेत. निरोप ठेवलाय."

"मग तू दे."

"मी?"

"कुणीही देऊ शकतं. जिवाला धोका असला तर कुणीही. पाणी आणि शब्द, एवढंच लागतं."

"अरे, मी कशी देणार? माझं काय मत आहे ते तुला माहितीये."

"माहितीये. तरी दे."

"नर्स म्हणते ती देईल. तिने आधी दिलाय."

"अनोळखी बाईने नको. मी तिथे असतो तर मीच दिला असता." तो म्हणाला. "हे बघ, भांडण झालं तर नंतर होऊ दे. मला भांडायला आवडेल."

त्याने शब्द सांगितले: पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. डेस्कवर बातमीदार फोनवरून बातमी सांगे, तेव्हा ती त्याला परत वाचून दाखवायची पद्धत होती. मी शब्द परत म्हणून दाखवले. एक 'आणि' सुटला होता, तो त्याने दुरुस्त केला.

आत नर्सने निर्जंतुक पाण्याची छोटी प्लास्टिकची कुपी हातात धरून जरा कोमट केली आणि पाणी सुईविना सिरिंजमध्ये भरून दिलं. मुलीच्या डोक्यावरची लोकरी टोपी तिने मागे सरकवली. इन्क्युबेटरच्या गोल खिडकीतून मी हात आत घातला. नाव आमचं आधीच ठरलेलं होतं. नाव घेऊन तीन वेळा थोडं थोडं पाणी सोडलं आणि मराठीत ते वाक्य म्हटलं. मुलीने तोंड वाकडं केलं. नर्सने कापसाने कान टिपला आणि टोपी सारखी केली. मी हात धुतले आणि खुर्चीवर बसून मॉनिटरवरचे आकडे वाचत राहिले. नर्सने चहा आणून दिला, तो प्यायले. त्या दुपारबद्दल पुढे बऱ्याच जणांनी विचारलं, काय वाटलं म्हणून. काही वाटल्याचं मला आठवत नाही.

नवरा संध्याकाळी पोचला. तोपर्यंत ऑक्सिजन थोडा कमी केला होता. कॅथलिक फादर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी प्रार्थना केली आणि बाकीचं घरी गेल्यावर तुमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे राहत्या भागातल्या चर्चमध्ये, बोला म्हणाले. एप्रिलमध्ये मुलगी घरी आली.

मे महिन्यात विषय परत निघाला. हॉस्पिटलमधलं धरायचं नाही, यावर आमचं एकमत होतं. कारणं वेगळी होती.

"तुझा विश्वासच नव्हता त्यावर," नवरा म्हणाला. "तो कसा लागू पडेल? आता चर्चमध्ये रीतसर करू."

"ट्रेनमधून सांगताना हे सुचलं नव्हतं?"

"तेव्हा काय सुचणार होतं?"

"आता धोका टळलाय ना? मग आता ती मोठी होईपर्यंत थांबू."

आठवडाभर हेच चाललं. शेवटी पॅरिशच्या फादरना विचारायचं ठरलं. ते वयस्कर आयरिश गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला घरात बसवलं, मुलीकडे बघून हसले आणि मग मला तीन प्रश्न विचारले.

पहिला, काय वापरलं.

"पाणी. निर्जंतुक."

"डोक्यावरून वाहिलं का? की नुसतं बोट लावलं?"

"कानाकडे ओघळलं. नर्सने टिपून घेतलं."

दुसरा, काय म्हटलं. मी वाक्य मराठीत म्हटलं आणि नवऱ्याने त्याचा अर्थ सांगितला. फादरनी मान हलवली.

तिसरा प्रश्न त्यांनी जरा थांबून विचारला. "ते करताना तुमच्या मनात काय करायचं होतं?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मुलगी त्याच्या मांडीवर झोपली होती.

"याच्या चर्चमध्ये जे करतात ते," मी म्हणाले. "त्याला तिथून करता येत नव्हतं. म्हणून मी केलं."

"तेवढं पुरतं," फादर म्हणाले. "मग झालेला आहे."

"माझा त्यावर विश्वास नाही, तरी?"

"ते मी विचारलं नाही. ज्याचा कशावरच विश्वास नाही असा माणूसही देऊ शकतो, त्याला एवढंच करायचं असेल तर. आणि एकदा झाला की दुसऱ्यांदा देता येत नाही. मी दिला, तर तुमचा खरा नव्हता असं होईल." चर्चमधले उरलेले विधी, म्हणजे तेल लावणं, मेणबत्ती, एखाद्या रविवारी करू, असं म्हणून ते चहा टाकायला आत गेले.

परतताना नवरा गाडी चालवत होता. टाऊन सेंटरचा सिग्नल सुटला.

"तुला दुसरं उत्तर देता आलं असतं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"मला बरं वाटावं म्हणून केलं, एवढंच. मग बहुतेक त्यांनी वेगळा विचार केला असता."

"तुला बरं वाटावं म्हणूनही केलं. पण त्यांनी विचारलं, काय करायचं होतं. कशासाठी, ते विचारलं नाही."

"हं."

"तुला पाहिजे होतं तसंच झालं ना?"

"झालं," तो म्हणाला. "पण मी नव्हतो तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरला फोन केला. वडिलांना हॉस्पिटलचं माहीत होतं, बाप्तिस्म्याचं नव्हतं. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"पाणी किती होतं?" त्यांनी विचारलं.

"दोन मिली असेल, बाबा."

"मग तू तिचं डोकं पुसलंस. त्याला आमच्यात काही म्हणत नाहीत." मग म्हणाले, "पण मलाही तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मीही केलं असतं. हे तुझ्या सासरी बोलू नकोस."

"नाही बोलत."

"तिचं ती ठरवील पुढे. दूध किती पिते?"

जूनमधल्या एका रविवारी, दहाच्या मिसाच्या उपासनेनंतर, पॅरिशमध्ये तीन बाळांचा विधी झाला. नवऱ्याने मेणबत्ती धरली. पहिल्या दोन बाळांच्या डोक्यावर फादरनी पाणी ओतलं. आमच्या मुलीच्या डोक्याला त्यांनी नुसतं तेल लावलं.