पोटातल्याचा वाटा

बोईसरच्या मासळी बाजारातल्या मावशीला माणसांची नावं कधी आठवायची नाहीत. तिला आठवायची ती बाळंतपणं. कुणाची आई पोटुशी असताना काय खात होती, हे ती तीस-चाळीस वर्षांनंतरही बिनचूक सांगायची. बँकेतला साहेब समोरून गेला की म्हणायची, "हा बांगड्यावरचा. याच्या आयेला दुसरं काय पचतच नव्हतं." आणि बारावी पास झालेली एखादी पोर पेढे घेऊन आली की, "मार्क मिलनारच! तारलीवरची हाय ती. मी घातलीय तारली." जणू परीक्षा हिनेच दिली होती!

मावशी चिंचणीची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मासळी ती वाट्यांनी विकायची. वाटा म्हणजे फळीवर रचलेला छोटा ढीग. घासाघीस करणाऱ्या बाईची तिच्यापुढे खैर नसे. पण बाई गरोदर असली की मावशी वाट्यावर स्वतःहून एक जास्तीची तारली, वीतभर तेलकट मासा, ठेवायची. "हा पोटातल्याचा वाटा," म्हणायची, "त्याचं डोकं व्हायचंय अजून." तेवढ्या एका तारलीचे पैसे तिने कधी कुणाकडून घेतले नाहीत.

आमची ओळख माझ्या कामातून झाली. गरोदर बायकांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोकांचा आहार आणि रक्त तपासणाऱ्या एका अभ्यासासाठी मी गावोगाव फिरत होते. माशांच्या तेलात मेदाम्लं असतात, ओमेगा म्हणतात ती. पोटातल्या बाळाच्या मेंदूला ती किती लागतात, म्हातारपणी किती उपयोगी पडतात, आणि एकच जेवण दोघांच्या अंगी वेगवेगळं का लागतं, त्यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचा हात किती, हे शोधायचं होतं. मी देशावरची, माळकरी घरातली. नवरा नोकरीला पुण्यात, मी बोईसरला एका खोलीत. संध्याकाळी बोलायला तिथे भिंतीच होत्या. म्हणून काम संपलं तरी मी मावशीच्या शेजारी उलट्या टोपलीवर बसून राहायचे, उगीचच.

पावसाळ्यात आमच्या फॉर्मांनी भलताच घोळ घातला. मासेमारी बंद असते त्या दिवसांत "गेल्या आठवड्यात मासे खाल्ले का?" असं विचारलं की चिंचणीच्या बायका ठणकावून "नाय" म्हणायच्या. आम्ही इमानेइतबारे शून्य लिहीत गेलो. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगो, सुकं इचारलंस का? मासली म्हंजे ताजी. सुके बोंबील कोन मासलीत धरतं? ते घरात असतंच, मिठासारखं!" झालं, सगळी घरं पुन्हा पालथी घातली. या वेळी मावशी सोबत होती. दारात उभी राहून ओरडायची, "रगत पिनारी आली गो, बाहेर या!" आणि बायका हसत हात पुढे करायच्या.

स्वतःचं रक्त देताना मात्र तिचा आवाज खाली आला. तिची आई शेवटी सगळं विसरली होती, पोटच्या लेकीलाच "तू कोनाची गो?" म्हणून विचारायची. "जल्मभर मासली खाल्ली तिने, तरी इसरली," मावशी म्हणाली. "मंग ते रगतातनंच येतं ना? माज्यात आलंय का, तेवडं बघून सांग. मी इसरले तर मागं कोन हाय लक्षात ठेवायला?"

मला सांगता येणार नव्हतं. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते, आणि निकाल कुणाला कळवायचा नाही असा नियम. जनुक आलं तरी विसरणं येईलच असं नाही, हे मी तिला परोपरीने समजावलं. तिने ऐकून घेतलं. "म्हंजे तुमालाबी ठाऊक नाय," ती म्हणाली, "मंग सुई कशाला टोचलीस?"

त्याच वर्षी थंडीत मला दिवस गेले. मी नवऱ्यालाही कळवलं नव्हतं, त्याआधी मावशीने ओळखलं. टोपलीवरून उठताना माझा हात कमरेवर गेला, तेवढ्यावरून! कागदात बांधून तिने एक तारली पुढे केली. मी खात नाही, म्हटलं. "तू नको खाऊस. त्याला दे." नाक दाबून, आयुष्यात पहिल्यांदा, मी मासा खाल्ला. मग रोजच खाऊ लागले.

चौथ्या महिन्यात ते गेलं. नवरा म्हणाला, पुन्हा होईल. सासरी तो विषयच काढायचा नाही असं ठरलं. पुन्हा काही झालं नाही, आणि पुढे आमचं लग्नही तसंच, भांडणाशिवाय संपलं. एकट्या मावशीने कधी "होईल" म्हटलं नाही. "तारलीवरचं होतं," ती म्हणाली, "मी नाय इसरायची त्याला." माझ्या त्या मुलाला मूल म्हणणारं जगात एवढं एकच माणूस होतं.

अभ्यास संपला, मी नाशिकला गेले. बारा वर्षं गेली. फोन करायचा राहून गेला, असं मी स्वतःला सांगते. खरं तर धीर झाला नाही. गेल्या महिन्यात चिंचणीला गेले. मावशी आता भाचीकडे असते. "कोनालाच वलखत नाय, ताई," भाची दारातच म्हणाली. "सकाली जेवली ते दुपारी ठाऊक नसतं." ती पडवीत मासळी साफ करत होती आणि मावशी शेजारी पाटावर बसली होती, ओंडक्यासारखी. मी नाव सांगितलं, रक्त घेतल्याची आठवण करून दिली. ती माझ्या तोंडाकडे परक्यासारखी बघत राहिली. खूप वाईट वाटलं. आपण फार उशीर केला, आता उठावं, असं मनात आलं.

उठताना माझा हात सवयीने कमरेवर गेला. वयाने आता कंबर धरते. मावशीची नजर तिथे थांबली. तिने भाचीच्या परातीतून एक तारली उचलली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घे. पोटातल्याचा वाटा. कितवा म्हैना गो?"

भाची ओशाळली. "मावशे, काय बोलतेस! ताई, मनावर नका घेऊ..."

मी तिला हातानेच थांबवलं. केस पिकलेली मी, ओल्या मुठीत ती तारली धरून उभी होते.

"चौथा, मावशी," मी म्हणाले.