डाव्या हाताची भिंत

एनस्खेडे सोडलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून फक्त स्टेशनवरच्या सायकलींच्या रांगा दिसत होत्या. मी या डच देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघाले होते आणि तरी दुपारच्या जेवणाला पोहोचणार होते. आदल्या दिवशी फोनवर बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षाही लहान की गं!" परभणीला बाबांचं पंक्चरचं दुकान आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मी मास्ट्रिख्टला कशासाठी चालले आहे हे समजावताना माझीच तारांबळ उडाली.

मी एका अमेरिकन कादंबरीकारासाठी चालले होते. नाव एल्डन टिलरी. हयात नाहीत. त्यांना कितीतरी भाषा येत, खडकांपासून चर्चच्या इतिहासापर्यंत सगळं ठाऊक होतं. आणि त्यांच्या जाडजूड कादंबऱ्या कुणी वाचल्या नाहीत. मला त्यातली एक 'फुकट न्या' लिहिलेल्या कपाटात सापडली. मास्ट्रिख्टच्या भुयारांत लपून राहिलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. ज्या थोड्या समीक्षकांनी ती वाचली, त्यांचं मत असं की या माणसाने सगळं ग्रंथालयात बसून लिहिलं, डोळ्यांनी काही पाहिलंच नाही. मला ते फार लागलं. का, ते नीट सांगता येत नाही. मलाही गावात सगळे पुस्तकी किडाच म्हणतात.

माझा प्रबंध याच मुद्द्यावर अडला होता. आमच्या मार्गदर्शक बाईंना (इथे त्यांना नुसत्या नावाने हाक मारतात, मला अजून जमत नाही) एक चूक सापडली होती. कादंबरीतला माणूस अंधारात डावा हात भिंतीला लावून चालतो. वाटेत भिंत संपते, हात पोकळीत जातो आणि आतून कुणीतरी तो हळूच धरून पुन्हा भिंतीवर ठेवतं. नकाशात मात्र त्या बोगद्याची डावी भिंत सलग आहे. "तो तिथे गेलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "पुरावा आण, नाहीतर सोमवारी दुसरा लेखक निवड."

आर्नहेमला गाडी बदलताना चुकीच्या फलाटावर उभी राहिले. एका आजोबांनी माझ्या तिकिटाकडे पाहून नुसतं बोट दाखवलं, आणि मी धावले.

मास्ट्रिख्टला मृणालताई घ्यायला आली होती. मूळची पुण्याची, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. आमची ओळख दिवाळीच्या कार्यक्रमातली. तिने आधी व्लाय (फळं भरलेला, ताटाएवढा गोल गोड पदार्थ) खायला घातला. चेरीचा होता.

"खाऊन घे, भूत उपाशीपोटी दिसतं म्हणतात," ती म्हणाली.

"ताई, मी पुरावा शोधायला आलेय."

"तेच गं. भुताला सही करायला सांग."

भुयारं गावाबाहेरच्या टेकडीत आहेत. शेकडो वर्षं लोकांनी तिथून मर्गेल (मऊ, पिवळसर चुनखडक) करवतीने कापून घरं बांधली, आणि टेकडी आतून पोखरली गेली. दारातून आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा आवाज एकदम बंद झाला. आपलं बोलणंही कापसात गुंडाळल्यासारखं वाटतं. भिंतींवर कोळशाने काढलेले चेहरे आहेत. वाटाड्याचा कंदील पुढे सरकला की ते एकेक करून मागे अंधारात जातात. येऊन गेलेल्यांनी भिंतींवर केलेल्या सह्यांत मी टिलरींची सही शोधत होते. हजार नावं दिसली, त्यांचं नाही.

बाईंनी नकाशात दाखवलेल्या त्याच बोगद्याच्या तोंडाशी वाटाड्या थांबला. मिशीवाला, गमत्या म्हातारा.

"आता कंदील विझवणार. डावा हात भिंतीला, उजवा पुढच्याच्या खांद्यावर. सगळ्यात मागे कोण?"

"ही!" मृणालताईने मला पुढे ढकललं, म्हणजे मागे.

"छान. मागचा माणूस ओरडला तर आम्हाला ऐकू येत नाही हं."

सगळे हसले. कंदील विझला.

असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले, कळेना. बोटांखाली भिंत गुळगुळीत होती, असंख्य हातांनी झिजलेली. ताईचा खांदा पुढे चालत होता. मग भिंत संपली. माझा हात मोकळ्या हवेत लोंबकळला आणि कोपरापर्यंत गार श्वासासारखं काहीतरी आलं. पुढच्या क्षणी हात भिंतीवर होता. मी तो परत आणला नव्हता.

उजेड झाल्यावर मी मागे धावले. डावी भिंत सलग होती. कुठे खाच नाही, भेग नाही.

"ताई, मध्ये भिंत संपली ना?"

"नाही गं, माझा हात पूर्ण वेळ भिंतीवर होता." माझ्याकडे बघून तिचं हसू मावळलं. "तुझे हात किती गार पडलेत!"

वाटाड्या जवळ आला. मी अडखळत सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"हात परत ठेवला?" त्याने हळू आवाजात विचारलं. "अधूनमधून सांगतात कुणी. नेहमी शेवटचाच. आम्ही बोलत नाही, लोक घाबरतात."

"टिलरींच्या कादंबरीत आहे हे."

"कोण टिलरी?"

सोमवारी बाईंना मी हे सगळं सांगितलं.

"तू ते आधी वाचलं होतंस," त्या म्हणाल्या. "वाचलेलं अंधारात खरं वाटतं."

हे मला परतीच्या गाडीतही सुचलं होतं, आणि मी आर्नहेमपर्यंत रडवेली होऊन बसले होते. मग दुसरं काहीतरी सुचलं होतं. तेच आता बोलले.

"मी वाचलं होतं, खरंय. पण वाटाड्याला हेच सांगणाऱ्या त्या इतरांनी? ते पुस्तक तर कुणीच वाचलेलं नाही. त्या वाटाड्याला लेखकाचं नावही माहीत नाही. आणि नकाशात नाही, कुठल्या ग्रंथात नाही, ते टिलरींना कळलं कुठून?"

बाईंनी टेबलावरचा नकाशा घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "विषय ठेव. पण मला तिथे घेऊन चल." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"आणि रांगेत शेवटी तू राहायचं. मी नाही."

मी प्रबंध लिहिते आहे. टिलरी तिथे गेले होते, याबद्दल आता मला शंका नाही. कधीतरी, बहुधा तरुणपणी, ते अनोळखी माणसांच्या रांगेत सगळ्यात मागे उभे होते, आणि बाहेर आल्यावर त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता? म्हणून त्यांनी ते कादंबरीत लिहून ठेवलं. तिथेही लोकांनी त्याला चूक म्हटलं.