साडूंनी केलेली संगणकाची बरोबरी

माझ्या साडूंना हरवणं मला चाळीस वर्षांत जमलं नाही, म्हणून शेवटी मी एक यंत्र कामाला लावलं.

साडू म्हणजे मलकापूरचे आण्णा. बुद्धिबळात आसपास त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. (होतं! रोज होतं!) पण आमची ही उठताबसता सुनावायची, "आमच्या ताईचे हे बघा!" चाळीस वर्षं मी 'हे' बघत होतो.

आमची सून सांगलीत कॉलेजात शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांनी बुद्धिबळ खेळणारा संगणक तयार केला होता. हल्ली साधा मोबाइलही भल्याभल्यांना पाणी पाजतो, पण पोरांनी शून्यापासून रचलेलं हे यंत्र अजून रांगत होतं. आणि कॉलेजच्या प्रदर्शनात त्याच्यासमोर बसणार होते आण्णा!

"बाबा, जिंकायचं नाहीच," सून काकुळतीला आली. "फक्त हरायचं नाही. पोरांची वर्षभराची मेहनत आहे. सुरुवातीच्या भक्कम चाली तुम्ही निवडून द्या. बरोबरी झाली तरी गंगेत घोडं न्हालं."

आण्णा जिंकणार नाहीत! माझ्या कानात सनई वाजली.

मी आठवडाभर स्वतःला झोकून दिलं. आण्णांच्या लाडक्या चाली मला हरून हरून पाठ होत्या. त्या सगळ्या सुनेला सांगून टाकल्या. (त्यांच्याच घरचं मटण खाता खाता शिकलेल्या! हे पाप आज कबूल करतो.) यंत्रासाठी निवडले ते एकजात थंड डाव. मधली प्यादी मारून मोकळं व्हायचं, वजिराला वजीर देऊन टाकायचा, हल्ल्याचं नाव काढायचं नाही. डावांची नावं परदेशी, पण वृत्ती अस्सल पेन्शनरची!

प्रदर्शनात यंत्राने सुरुवात केली. घोड्याला घोडा, उंटाला उंट, हत्तीला हत्ती.

"लय मारकुटं हाय की हे!" आण्णा म्हणाले. "बसाय न्हाई, बोलाय न्हाई, आल्या आल्या मारामारी!"

अर्ध्या तासात पटावर दोन राजे आणि चार-पाच प्यादी उरली. सुनेचा चेहरा पांढराफटक. आण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि हात पुढे केला. "बरोबरी?" यंत्राला हात नव्हता, म्हणून सुनेने मिळवला.

मी जिंकलो होतो! बरोबर दोन मिनिटं. मग प्राचार्यांनी माईक घेतला. "संगणकाची बरोबरी करणारा माणूस आज आपल्यात आहे!"

टाळ्या! शाल! श्रीफळ! आठवड्याभरात मलकापूरच्या चौकात फ्लेक्स लागला, 'संगणकाची बरोबरी करणारे आमचे आण्णा'. हिने त्याचा फोटो आमच्या शोकेसमध्ये लावला. जागा हवी म्हणून माझा निरोप समारंभाचा फोटो कपबशांच्या मागे गेला.

मत्सर पचला असता, पण पाप पचेना. परवा मलकापूरला गेलो आणि आण्णांना सगळं सांगून टाकलं.

आण्णा चहा ओतता ओतता हसले. "आवं पाव्हणं, तवाच वळखलं मी. यंत्राला भ्या कशाचं? दिसंल ते मारून बरोबरीला पळायचं, ही खोड तुमचीच!"

"मग बरोबरी का मागितली?"

"प्यादं फुडं गेलंतं माझं. चार चालीत वजीर झाला असता. पर सूनबाईचं त्वांड बघवंना. घरचीच पोर हाय ती."

चार चालीत! आणि मी शेजारी उभा राहून मनात पेढे वाटत होतो!

आता मला त्यांच्या खेळाचा हेवा वाटत नाही. त्यांच्या मोठ्या मनाचा वाटतो. सुनेला विचारून पाहिलं, त्यात बरोबरी करणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.